गाडीचा उशीर

आमच्या नव्या ऑटोमॅटिक गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती क्षणभर रेंगाळते आणि मग पळते. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, जन्मभर जीप चालवलेली. परवा घाटात ट्रकला मागे टाकताना त्यांनी पाय दाबला, पण गाडी वेग घेईना. समोरून बस आली. अण्णांनी कशीबशी गाडी पुन्हा ट्रकमागे घेतली आणि कडेला थांबवली.

"माझाच पाय मंदावला का रे?"

"नाही अण्णा, गाडीच उशिरा वेग घेते."

ते उतरले. मी चालवायला बसलो. पुढच्या चढावर गाडी पुन्हा तशीच रेंगाळली.

"बघा, माझ्याही पायाला दाद देत नाही."

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "समजूत नको घालूस."

म्हातारपणी खरं बोललेलंही दयेसारखं ऐकू येत असावं. अण्णांनी पुन्हा किल्ली मागितली नाही.