दीड बोट खाली आलेला पडदा

शिवणवाल्या काकू मुलाकडे आल्या होत्या आठच दिवसांसाठी. तिसऱ्या दिवशी त्यांना दिसलं की हॉलमधल्या पडद्याची खालची दुमड एका बाजूला दीड बोट खाली आली आहे. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, असू दे, घर मुलाचं, पडदा सुनेचा. पण चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांची टोकं जुळवणाऱ्या बाईला वाकडी दुमड म्हणजे डोळ्यात गेलेलं कुसळ. घरात कुणी नाही असं बघून त्या तोंडात टाचण्या धरून स्टुलावर चढल्या. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. स्टूल सरकलं आणि खुब्याचं हाड मोडलं. टाचणी मात्र एकही गिळली नाही, तेवढंच नशीब.

ऑपरेशननंतर त्यांचा पलंग हॉलमध्ये टाकला, नेमका पडद्यासमोर. आता ती दीड बोटं दिवसभर बघत पडायचं. मुलगा आणि सून कामाला निघताना थर्मास, गोळ्या, रिमोट हाताशी ठेवायची आणि बाहेरून कुलूप लावायची. बेल वाजली की आई उठेल आणि पुन्हा पडेल, ही धास्ती. काळजीच होती ती. पण कुलूप फिरल्याचा आवाज आला की काकूंचा जीव गुदमरायचा. इतकं करणाऱ्यांना बोलायचं तरी काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

डॉक्टर म्हणाले होते, कठडा धरून एकट्याने वीस पायऱ्या चढलात की खुशाल घरी जा. काकूंनी तेवढंच धरून ठेवलं. घर म्हणजे गल्लीतली भाड्याची खोली, पायमशीन आणि खिडकीत डोकावून बाही सैल करून मागणाऱ्या बायका. सुट्टीच्या दिवशी सून त्यांना जिन्यात घेऊन जायची. आधी चार पायऱ्या झाल्या, मग सात. चौथ्या महिन्यात एका रविवारी वीस झाल्या. काकू घाम पुसत सुनेला म्हणाल्या की तो बाहेरून आला की मीच सांगणार, तू आधी बोलू नकोस. सून नजर चुकवून दार उघडायला पुढे गेली. आनंदाच्या भरात ते काकूंच्या ध्यानातच आलं नाही.

संध्याकाळी मुलगा आला तो टेम्पो घेऊनच. दोघा हमालांनी मशीन वर आणून पडद्याखाली ठेवलं. काकूंचंच मशीन. मागून कात्र्यांचा डबा आला, टेप आला, खोक्यांत कोंबलेली भांडी आली. मुलाने महिनाभर गुपित ठेवलं होतं, आणि आता पहिला नंबर आल्यासारखा उभा होता.

"खोलीची किल्ली?" काकूंनी विचारलं.

"मालकांना देऊन टाकली. आता कशाला एकटी राहतेस, आई? इथेच शिव की."

वीस पायऱ्या काकूंच्या ओठांवर आल्या होत्या. टाचणी गिळावी तशा त्यांनी त्या गिळल्या. पोराला काय बोलणार, त्याने तर जीव लावूनच केलं होतं सगळं.

सुनेने मान खाली घालून दोऱ्यांचं खोकं पुढे केलं. "आई, आधी हा पडदाच करा नीट. तेव्हापासून तुमच्या डोळ्यांत खुपतोय."

काकू मशीनवर बसल्या. पायडलवर पाय ठेवला. चाक सुरसुर फिरलं, पायाला कधी काही झालंच नव्हतं असं. थोडा वेळ त्यांनी ते नुसतंच फिरवलं, कापडावाचून. मग पाय काढून घेतला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आता नाही खुपत."