सोबत्याविना दिलेलं मत

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईचं मत नक्की कोण देतं? येवल्यातल्या एका नगरपालिका निवडणुकीत हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. ती सकाळ अजून मनातून जात नाही.

मतदान सुरू होताच एक बाई माझ्या पोलीस ठाण्यात आली. "साहेब, आमच्या शेजारच्या काकू पैठणी विणत्यात. नजर चांगली हाय. पण पुतण्या त्यांना आंधळी म्हणून नेतो आन बटण स्वतः दाबतो."

दृष्टिहीन मतदाराला सोबती नेता येतो. नियम माणुसकीचा आहे. त्याचाच आडोसा करणाऱ्यांची मला चीड येते.

केंद्राध्यक्षांनी बोलावल्याशिवाय पोलिसाने आत जायचं नसतं. मी केंद्राबाहेरच थांबलो. जुनं लुगडं नेसलेल्या काकूंना पुतण्या काळा चष्मा लावून, हात धरून घेऊन आला. मी दोघांना बाजूला घेतलं.

"काकूंना दिसतं का?"

"नाय साहेब. उजेड-अंधार तेवढा कळतो."

पण माझ्या बाहीवर एक धागा लोंबत होता. काकूंचा हात आपसूक पुढे आला, धागा बोटाला गुंडाळून त्यांनी अलगद तोडला. जन्मभर मागावर बसलेल्या बाईला सुटलेला धागा बघवत नाही.

"अंधार लय बारीक दिसतो वाटतं काकूंना," माझी महिला हवालदार म्हणाली. पुतण्याने मान खाली घातली.

त्याला दूर नेल्यावर काकू बोलल्या. "आंधळी झाली नाय तर माग रस्त्यावर फेकीन म्हणतो. माग गेला तर मी जगू कशी? मालक होते तवा माझं मी मत द्यायची. लय वाटतं साहेब, एकदा तरी तसं आत जावं."

"मागाला कोणी हात लावणार नाही. मी बघतो," मी म्हणालो.

त्यांची तक्रार नोंदवली, केंद्राध्यक्षांना कळवलं. त्यांनी सोबती नाकारला. काकूंनी चष्मा काढून पुतण्याच्या हातात दिला आणि एकट्या आत गेल्या. बराच वेळ लागला. रांग कुरकुरली.

बाहेर येताच पुतण्याने विचारलं, "कुणाला दिलं?"

"तुझ्या काकाला बी कधी सांगितलं नाय."

माझी बदली होईपर्यंत मी अधूनमधून त्यांच्या दारावरून जायचो. माग जागेवरच होता. आता काकू नाहीत. तरी मतदानाच्या रांगेत माझी नजर त्यांचं जुनं लुगडं शोधते.

पोलिसाचा पहारा केंद्रापाशी असतो. धाक मात्र घरातच घातला जातो. तिथला पहारा तुम्हालाच द्यावा लागेल. पुढच्या मतदानाला आईला, आजीला केंद्रापर्यंत जरूर न्या. दाराशी हात सोडा. आणि त्या बाहेर आल्यावर काहीही विचारू नका.