माझ्या वाटणीचं तळं

आमच्या गावात बहिणीने सही करायची असते. वडील गेले, वर्षश्राद्ध झालं की भाऊ एक कागद घेऊन येतो. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. बहीण तो वाचत नाही. वहिनी साडी देते, ओटी भरते, बहीण सही करते आणि मग सगळे मिळून मटण जेवतात. माझ्या आत्यांनी सही केली, चुलत बहिणींनी केली. मी केली नाही. मी कागद शेवटपर्यंत वाचला, परत दादाच्या हातात दिला आणि म्हणाले, "मला माझा वाटा पाहिजे." ताटं वाढलेली होती. त्या दिवशी कुणालाच जेवण गेलं नाही म्हणतात. मला गेलं. मी दोनदा रस्सा मागून घेतला.

आमचं गाव उलव्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. बऱ्याचशा जमिनी कधीच सरकारजमा झाल्या. राहिली ती बांधाच्या आतली खारजमीन, जिथे एकेकाळी भात व्हायचं आणि आता गवत होतं. माझा थोरला भाऊ भरावाचं काम करतो. म्हणजे कुठला तरी डोंगर फोडून आणलेली माती डंपरने आणून सखल जागा वर उचलायची, म्हणजे त्यावर इमारत उभी राहते. आमच्याकडच्या निम्म्या पोरांचा धंदा हाच. तेव्हा वाटणीत मला काय आलं असेल? अगदी तळातली, बांधाला चिकटलेली अकरा गुंठे जमीन, जिथलं पाणी दिवाळीपर्यंत हलत नाही. दादाचा हिशेब साधा होता. ही भराव घालणार कशी, घालायचा तर माझ्याकडेच येणार आणि नाही आली तर कंटाळून सही करणार.

मी ठरवलं, भरायचं नाही, खणायचं.

खरं सांगायचं तर त्यात तळ्याचं प्रेम निम्मं आणि राग निम्मा होता. आमच्या घरामागे आजोबांचं तळं होतं. त्यात जिताडा असायचा. ज्याला हा मासा माहीत नाही त्याला तो सांगून कळणार नाही. पाहुणा मोठा असेल तर तळ्यातला जिताडा काढायचा, एवढं सांगितलं तरी पुरे. ते तळं दादाने बुजवलं आणि त्यावर तीन मजले चढवले. मी कोपरखैरण्याला चौथ्या मजल्यावर राहते, खाली बोनकोडे गाव दिसतं, ऑफिसात बावीस वर्षं फायली हलवल्या आहेत. तरी डोळ्यांसमोर पाणी यायचं ते त्या तळ्याचंच.

दादाला कळलं तेव्हा तो ओटीवर बसून हसत सुटला. "सगलं गाव भरतंय आनि तू खनतंस? खाऱ्या जमिनीत तळं? बाय, येकदा डोकं तपासून घे."

"पाणी धरेल."

"खारं धरंल. गोडं नाय."

"गोडं धरेल."

"मंग लाव पैज. होळीपर्यंत गोडं पानी राहिलं तर जमीन तुजी, मी परत कागदाचं नाव नाय काढनार. नायतर गप सही करायची, काय?"

मी हो म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आई तांदूळ निवडत बसली होती, तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत सूप हलवायला लागली.

नकाशा मी आलेखाच्या कागदावर काढला. लांबी, रुंदी, काठाचा उतार, सगळं पेन्सिलीने. माझ्या नवऱ्याने तो बघून "छान आहे," एवढंच म्हटलं, कारण तो सातारचा, त्याला तळं म्हणजे प्लास्टिक अंथरलेलं शेततळं एवढंच माहीत. आईला दाखवला तर तिने कागद बाजूला ठेवला आणि काठीने अंगणात रेघा ओढल्या. एका कोपऱ्यात खोल खड्डा, उन्हाळ्यात मासळी तिथे उतरते. बाकी सगळं कंबरभर. आणि बांधाच्या बाजूला तोंड. "तोंड ठेव गो," ती म्हणाली, "उघडाया येईल असं." मी हो हो म्हणाले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी.

तलाठ्याकडचे, तहसीलचे कागद झाले. मशीन मात्र मिळेना. गावातले सगळे मशीनवाले दादाच्या ओळखीचे, कुणाचा पट्टा तुटला होता, कुणाचा ड्रायव्हर गावी गेला होता. शेवटी मी दिघ्याहून जेसीबी आणला. तो चालवणारा जागेवर उतरला, चारी बाजूंना नजर फिरवून म्हणाला, "मॅडम, इधर तो सब भरने को बुलाते है." मी म्हटलं, "आप खोदो." चार दिवस तो खोदत होता. खालची माती काळी, चिकट, बुटाला धरून ठेवणारी. रस्त्यावरून दादाचे डंपर जायचे आणि प्रत्येक डंपर माझ्या खड्ड्यापाशी आल्यावर हॉर्न द्यायचा. मीही प्रत्येकाला हात हलवला.

बांधाकडचं तोंड मी सिमेंटने बुजवून टाकलं.

आता ही चूक मी सविस्तर सांगते, कारण ती माझ्यासारखीच बाई करू शकते. पंचवीस वर्षं सोसायटीत राहून माझी अशी सवय झाली आहे की पाणी दिसलं की साठवायचं. नळ गेला की बादल्या भर, टँकर आला की पिंप भर, थेंब वाया घालवायचा नाही. तेव्हा पाऊस सुरू झाल्यावर तळ्यातला एक थेंबही बाहेर जाता कामा नये, हे मला इतकं उघड वाटलं की मी विचारसुद्धा केला नाही. आषाढात तळं काठोकाठ भरलं. मी रोज संध्याकाळी फोटो काढून सगळ्यांना पाठवत होते. दादालाही पाठवले. त्याने एकदाही उत्तर दिलं नाही आणि मला वाटलं, जिरली.

श्रावणात आई आली. तोवर दादाने तिला येऊ दिलं नव्हतं, मध्ये पडू नकोस म्हणाला होता. ती काठावर उकिडवी बसली, ओंजळीत पाणी घेऊन तोंडात धरलं आणि बाजूला थुंकली.

"खारट हाय."

मी चाखलं. खारट होतं. पावसाचं गोडं पाणी दोन महिने खाऱ्या मातीवर बसून मीठ ओढत होतं आणि मी त्याला जायला वाटच ठेवली नव्हती.

"पयलं पानी जमिनीचं असतं," आई म्हणाली. "ते तिला धुवायला द्यायचं आनि खाडीत सोडायचं. दुसरं बी सोडायचं. तिसरं आपलं. तू लहान व्हतीस तवा बांधावर बसून उघाडी उघडताना बघत व्हतीस. इसरलीस?"

विसरले होते. खारजमिनीत जन्मलेली मी, बांधाच्या दाराला उघाडी म्हणतात हेही मला त्या क्षणी नव्याने आठवलं. लाज वाटली. आणि मग फार राग आला, दादाचा नाही, माझाच.

"कधी सोडू?"

आईने बोटं मोजली. "आज अष्टमी. सहाला भरती झाली. दुपारी वहटी लागंल, तवा."

दुपारी मी पहार घेऊन चिखलात उतरले. साडीचा काष्टा मारला होता, ऑफिसातल्या कुणी पाहिलं असतं तर ओळखलं नसतं. माझंच सिमेंट, माझ्याच हाताने फोडत होते. दादा बांधावर येऊन उभा राहिला. मदतीला आला नव्हता. म्हणाला, "अर्धा पावसाळा गेला, बाय. आता काय भरतंय?" मी म्हटलं, "बघत राहा." सिमेंट फुटलं आणि दोन महिन्यांचं पाणी एका तासात खाडीत गेलं. मला रडू आलं ते मी थांबवलं नाही, पण तोंड त्याच्याकडे फिरवलं नाही.

मग आठ दिवस पावसाने थोडं भरलं, तेही सोडून दिलं. आईच सांगायची, आज सोड, आज ठेव. भाद्रपदात तोंड बंद केलं, या वेळी फळी आणि माती लावून. पाऊस मनासारखा झाला नाही. तळं अर्ध्याच्या थोडं वर भरलं. मी जिताड्याची पिल्लं सोडली. दिवाळीला पाणी स्वच्छ होतं, संक्रांतीला खाली गेलं, शिमगा जवळ आला तेव्हा माझी झोप उडाली.

होळीच्या दुसऱ्या दिवशी दादा आला. प्लास्टिकच्या फोल्डरात कागद, खिशाला पेन. आईलाही बरोबर आणलं होतं, साक्षीला. त्याने बूट काढले, काठावर बसला, ओंजळ भरली, चूळ घोळवली आणि थुंकली.

"मचूळ," तो म्हणाला.

मी चाखलं. मचूळ होतं. खारट नव्हतं, पण गोडं म्हणवत नव्हतं. खोटं बोलायची इच्छा झाली, पण पाणी तिघांच्याही समोर होतं. आईने चाखलं आणि म्हणाली, "गोडं नाय."

दादाने पेन पुढे केलं. मी ते घेतलंसुद्धा. कागदावर माझं लग्नाआधीचं नाव आणि नंतरचं नाव अशी दोन्ही नावं होती आणि खाली सहीसाठी एक रिकामी रेघ होती. ती बघताना एकदम माझ्या मनात आलं, की याच्या वाटणीचं पाणी कुणी चाखून पाहिलं? याने कधी पैज जिंकली? जन्मला, मुलगा होता, मिळाली. मग मीच माझी जमीन कमवून का दाखवायची? जे माझंच होतं ते मी डावावर लावलंच कसं?

"मी नाही सही करणार," मी म्हणाले.

"शबुद दिला व्हतास."

"दिला होता. मोडते."

"हारलीस तू."

"हरले. तरी नाही करणार."

तो मला काय काय बोलला ते इथे लिहीत नाही, तो माझा भाऊ आहे. गावात आजही माझी ओळख शब्द फिरवणारी बाई अशीच आहे. आणि ती खोटी नाही. भाऊबीजेला त्याने दार उघडलं नाही. त्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं. ओवाळणीचं ताट घेऊन मी जिना उतरले आणि तशीच तळ्यावर गेले. मचूळ पाण्यात जिताडा मजेत वाढतो. त्याला गोड-खारटाची पैज माहीत नाही.

आई दादाकडेच राहते, पण रविवारी चालत तळ्यावर येते. मागच्या रविवारी आम्ही दोघी काठावर बसलो होतो. खाडीपलीकडे तिच्या माहेराकडच्या इमारती दिसतात. त्यांच्याकडे हात करून ती म्हणाली, "ती पांढरी हाय ना, तिच्या खाली माजी व्हती. माज्या वाटनीची."

पन्नास वर्षांत तिने हे कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "मग सही का दिलीस?"



"नाय म्हनता येतं," ती म्हणाली, "हे कोनी मना सांगितलंच नव्हतं."