पाणवठ्यावरचा बैल

वाचनालयाचा अध्यक्ष झाल्यापासून सकाळचा पेपर आधी माझ्या टेबलावर येतो. मी सांगितलं नव्हतं. ग्रंथपाल शोभाताई आपण होऊन ठेवू लागल्या.

आज दारात एक आजोबा चष्मा पुसत उभे होते. हळूच म्हणाले, "सर, झाला का वाचून?"

जुन्या अध्यक्षांवर मी रूपककथा लिहिली होती. तीत तहानलेली जनावरं पाणवठ्यावर बैलाला असंच विचारतात, "मालक, झालं का पिऊन?" ती वाचून अध्यक्ष मनापासून हसले होते. तो बैल म्हणजे आपणच, हे त्यांना कळलंच नाही, म्हणून मला त्यांची कीव आली होती.

मला तर कळलं होतं. तरीही मी आजोबांना म्हणालो, "पाचच मिनिटं."

पेपर माझा केव्हाच वाचून झाला होता.