गार भाकरीचे एक्याण्णव मार्क

शंभरपैकी एक्याण्णव. मोबाईलवर फॉर्म भरून झाला, खाली बेरीज आली आणि मी समोरच्या ताटाकडे बघितलं. बांगड्याचं तिखलं चाटूनपुसून संपलं होतं. सोलकढीची वाटी रिकामी होती. तांदळाची भाकरी मात्र दीड उरली होती. मालवणी हॉटेलात भाकरी टाकून उठायची वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती. शेजारच्या टेबलांवर नजर टाकली, तर तिथेही ताटांच्या कडेला भाकऱ्यांच्या घड्या पडलेल्या. एक आजोबा वेटरला सांगत होते, "भाकरी राहू दे, भात आण."

आणि फॉर्मप्रमाणे हे हॉटेल झकास चाललं होतं.

आधी माझं काम सांगते, कारण अनेकांना वाटतं मी फुकट जेवते. मी मिस्टरी डायनर आहे. हॉटेलवाले किंवा त्यांना जागा देणारे आमच्या कंपनीला सांगतात, "आमच्याकडे गुपचूप जेवून या आणि मार्क द्या." मी साध्या गिऱ्हाइकासारखी जाते. पाणी किती मिनिटांत आलं, वेटर नीट बोलला का, टेबल चिकट होतं का, सगळं टिपते. वही काढली तर पकडले जाईन, म्हणून नवऱ्याला मेसेज केल्यासारखं दाखवते. '१.०५ बसले. १.०७ पाणी.' डॉमनिक बिचारा पलीकडून विचारतो, 'मासा कुठला?' बावीस वर्षं हेच चाललंय. या बावीस वर्षांत मी एकाच हॉटेलचे रिपोर्ट मागे घेतले, आणि नोकरीतल्या सगळ्या कामांत मला त्याचाच जास्त अभिमान आहे.

हॉटेलाचं नाव सांगणार नाही, तो आमचा नियम आहे. मालकांना परब म्हणू. परळच्या एका गल्लीत बारा टेबलं, भिंतीवर देवाची तसबीर आणि दुपारी एकला दाराबाहेर रांग. जवळच्याच एका मॉलमध्ये नवा फूड हॉल होत होता. तिथे काउंटर मिळावा म्हणून परबांनी अर्ज केला होता. फूड हॉलवाल्यांची अट एकच होती, आमच्या फॉर्ममध्ये पंच्याऐंशी मार्क पाहिजेत.

पहिल्यांदा मी गेले तेव्हा त्यांना एकाहत्तर मिळाले. वीस मार्क एकाच ओळीत गेले. त्या ओळीला आम्ही 'प्लेट कंप्लीट' म्हणतो. म्हणजे ऑर्डर दिल्यापासून आठ मिनिटांत ताटातले सगळे पदार्थ एकत्र टेबलावर आले पाहिजेत. परबांकडे कालवण आणि भात सहाव्या मिनिटाला आलं. भाकरी आली अकराव्या मिनिटाला, तीही एकच. ती संपत आली की दुसरी. मी शून्य दिलं आणि शेरा लिहिला, 'भाकरी उशिरा येते. थाळी अपूर्ण वाढतात.'

त्या दिवशी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. वाफ निघत होती, बोट भाजलं होतं. चवीच्या ओळीत पैकीच्या पैकी दिले, आणि पुढच्याच ओळीत शून्य. दोन्ही ओळी एकाच तव्याच्या आहेत हे माझ्या डोक्यात आलं नाही. आम्ही गिरगावचे ईस्ट इंडियन, मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. आमच्या घरी रविवारी चर्चमधल्या मिसाहून आल्यावर आई हातभाकरी करायची, तांदळाचीच. सगळ्यांच्या ताटात तिने एकदम भाकऱ्या वाढल्याचं मला आठवत नाही. एकेक तव्यावरून उतरायची, एकेकाच्या ताटात पडायची, आणि ज्याला आधी मिळाली त्याच्याकडे बाकीचे रागाने बघायचे. हे माहीत असलेल्या बाईने 'भाकरी उशिरा येते' असं लिहिलं. फॉर्म हातात आला की माणूस घरचं शिकलेलं विसरतं.

तर दोन महिन्यांनी मी दुसऱ्यांदा गेले आणि थाळी सहा मिनिटांत आली. दोन भाकऱ्यांसकट. कडा तुटत होत्या आणि मधला भाग चिवट होता. एक्याण्णव मार्क!

हात धुवायला म्हणून मी आत गेले. तिथून स्वयंपाकघर दिसतं. मागच्या वेळी जिथे तवा होता आणि एक साठीच्या बाई स्टुलावर बसून भाकऱ्या थापत होत्या, तिथे आता लाल दिव्याचं स्टीलचं कपाट होतं. हॉट केस, म्हणजे गरम पेटी. त्यात करून ठेवलेलं अन्न ऊबदार राहतं. समोसा एक वेळ टिकतो त्यात. तांदळाची भाकरी टिकत नाही.

मी वेटरला सहज विचारल्यासारखं केलं. "भाकरीवाल्या मावशी दिसत नाहीत?"

"शेवंती मावशी? त्या सकाळी दहाला करून जातात हल्ली. एक तारखेपासून त्या पण बंद. भाकऱ्या बाहेरून येणार."

"का हो?"

"काय सांगू मॅडम, ते मार्क आले ना वरून. कोणतरी बाई गुपचूप जेवून गेली. तिने लिहिलं, भाकरी लेट येते."

मी नुसतं "अच्छा" म्हटलं. ओळख द्यायची नाही हा या धंद्याचा पहिला नियम. त्या दुपारी तो पाळणं मला फार जड गेलं.

आमचं ऑफिस दादरला, हिंदमाताजवळ, साड्यांच्या दुकानांच्या वर. माझा बॉस रोहित माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे आणि हुशार आहे.

"मार्था मॅम, एक्याण्णव! परब पेढे पाठवणार बघा."

"रोहित, हा रिपोर्ट जाणार नाही. पहिलाही मागे घ्यायचाय."

"काही फॉल्स लिहिलंय का?"

"नाही. सगळं खरं आहे."

"मग?"

"जेवण बिघडलंय आणि मार्क वाढलेत. माझ्या शेऱ्यामुळे बिघडलंय."

त्याने खुर्ची मागे सरकवली. "मॅम, क्लायंट खूश, फूड हॉल खूश. नाखूश फक्त तुम्ही. फॉर्म सगळीकडे हाच चालतो. कुणाची कम्प्लेंट नाहीये."

"ताटांत भाकऱ्या उरतायत. ती कम्प्लेंटच आहे. आपण ताटात काय उरलं ते बघतच नाही, आपण घड्याळ बघतो."

रोहितने थोडा विचार केला. मग म्हणाला, "ओके. परब स्वतः म्हणाले की रिपोर्ट थांबवा, तर थांबवतो. पण त्यांना तुम्ही सांगायचं. आणि एकदा तोंड दाखवलंत की त्या हॉटेलचं ऑडिट तुमच्याकडून गेलं, कायमचं."

"गेलं तर गेलं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता गेले. दुपारचं जेवण आटोपलेलं, खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवलेल्या. परब गल्ल्यावर बसून पेपर वाचत होते. मी नाव सांगितलं, कंपनीचं कार्ड ठेवलं. "पहिले एकाहत्तर मीच दिले होते. आताचे एक्याण्णवही मीच दिलेत."

परब उठून उभे राहिले. "एक्याण्णव? खरंच? बसा, बसा मॅडम. ए, चहा आण रे!"

"परब साहेब, ते मार्क मला मागे घ्यायचेत. तुमची भाकरी बिघडलीय."

त्यांना कळायला एक क्षण लागला. मग जे सुरू झाले! "तुम्हीच लिहिलंत ना लेट येते म्हणून? तीस वर्षांची पद्धत मोडली मी तुमच्या एका ओळीसाठी. शेवंतीला नको सांगितलं. माझी बायको आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. आणि आता येऊन सांगता, चुकलं? आमची काय मस्करी लावलीय?"

त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. मी म्हटलं, "चूक माझी आहे. माफ करा. मला ती निस्तरू द्या."

"आणि फूड हॉलवाल्यांना काय सांगू? मार्क परत केले म्हणून?"

"त्यांना जेवायला बोलवा. बुधवारी. आणि त्या दिवशी मावशींनाही बोलवा, दुपारच्या वेळेला."

त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. चहा आला, गार झाला. शेवटी म्हणाले, "काउंटर गेला तर तुम्हाला सोडणार नाही मी." तेवढ्या बोलीवर त्यांनी रोहितला फोन करून रिपोर्ट थांबवायला सांगितलं.

शेवंती मावशी मागच्याच चाळीत राहायच्या. परब स्वतः बोलवायला गेले, मी जिन्याखाली उभी होते. वरून खणखणीत आवाज आला. "आता कित्याक बोलावलास? पेटीतल्यो भाकऱ्यो संपल्यो?" परब काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. पण बुधवारी सकाळी मावशी हजर होत्या.

फूड हॉलकडून मेघना शहा नावाच्या बाई आल्या, लॅपटॉपसकट. रोहितही आला. परबांकरवी मी मावशींना फक्त एवढंच सांगितलं होतं, की दहाला नेहमीसारख्या भाकऱ्या करून पेटीत ठेवा आणि एकला पुन्हा तव्यावर बसा.

पहिली थाळी सहा मिनिटांत आली. सगळं एकत्र. मेघनाबाईंनी वेळ बघून मान डोलावली. "परफेक्ट." जेवताना त्या लॅपटॉपवर काहीतरी बघत होत्या. ताट उचललं तेव्हा त्यात एक भाकरी उरली होती. मी ते ताट नेऊ दिलं नाही, बाजूला ठेवून घेतलं.

मग थोडं कालवण आणि एकच भाकरी आली. टम्म फुगलेली. मेघनाबाईंनी बोटाने टोचली तर वाफ निघाली. तिचा शेवटचा तुकडा हातात असताना दुसरी ताटात पडली. मग तिसरी. वेटर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ताटांकडे बघत होता आणि आत मावशींना बोटांनी खूण करत होता. कोणाला काही मागावं लागत नव्हतं. पोट भरलेलं असूनही रोहितने तीन खाल्ल्या. लॅपटॉप कधी बंद झाला ते मेघनाबाईंनाही कळलं नसेल.

"हे पीठ वेगळं आहे का?" त्यांनी विचारलं.

"तेच पीठ, त्याच मावशी," मी म्हटलं. "मध्ये फक्त तीन तास गेलेत. पहिल्या भाकरीला आमचा फॉर्म वीस मार्क देतो आणि या भाकरीला शून्य."

रोहित आधी माझ्याकडे आणि मग बाजूला ठेवलेल्या ताटाकडे बघत राहिला. "मॅम, ती ओळ बदलून द्या. आज संध्याकाळपर्यंत."

मी बदलली. आता फॉर्ममध्ये असं आहे: भाकरी, पोळी किंवा डोसा तव्यावरून उतरल्यावर किती मिनिटांत ताटात आला? पुढचा मागावा लागला का? ताटात काय उरलं? कंपनीची माणसं जिथे जिथे जेवायला जातात तिथे हाच फॉर्म जातो. त्यावर माझं नाव नाही, पण ते तीन प्रश्न माझे आहेत आणि ते मी कोणालाही छातीठोकपणे सांगते.

नव्या फॉर्मवर मार्क द्यायला अर्थातच दुसरा माणूस गेला. संध्याकाळी परबांचा फोन आला, आवाज पडलेला. "मॅडम, त्र्याऐंशी. दोनच मार्क कमी. तुमच्या हातात असेल तर बघा ना."

"कशात गेले ते वाचलंत?"

"बेसिनवर साबण नाही म्हणे. चार मार्क."

साबण पहिल्या दोन वेळांनाही नव्हता. दोन्ही रिपोर्टांत मी तसं लिहिलं होतं. भाकरीच्या ओळीपुढे ते कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. मी म्हटलं, "परब साहेब, दोन मार्क मी देणार नाही. साबण ठेवा."

ते चिडले. पण साबण आला आणि पुढच्या खेपेला सत्त्याऐंशी मिळाले. फूड हॉलमध्ये आता त्यांचा काउंटर आहे आणि तवा गिऱ्हाइकांच्या समोर आहे. तिथल्या दोघीजणींना मावशींनी शिकवलं. स्वतः मात्र त्या परळची गल्ली सोडून गेल्या नाहीत. ते लाल दिव्याचं कपाट परबांनी विकून टाकलं.

परळच्या हॉटेलात मी आता फक्त गिऱ्हाईक म्हणून जाऊ शकते. गेल्या महिन्यात डॉमनिकला घेऊन गेले. सुरमई सांगितली. सवय काही जात नाही, मी टेबलाखाली मोबाईल धरून वेळ टिपत होते. पाणी दोन मिनिटांत. टेबल कोरडं. बेसिनवर साबण. तेवढ्यात पाठीमागून हाताला पीठ लागलेल्या शेवंती मावशी येऊन उभ्या राहिल्या.

"मार्कवाले बाई तुमीच मां?"

"हो मावशी. पण आता इथे मी मार्क देत नाही."

"मग मी देतंय तुमका." त्यांनी माझ्या ताटाकडे बघितलं. "धापैकी सात."

डॉमनिक हसायला लागला. मी विचारलं, "तीन कशात गेले?"

"भाकरी गरम वाढलेली. तुमी मोबाईलात बघीत रवलास. थंड करून खाल्लास."

आणि त्या तव्याकडे निघून गेल्या. बावीस वर्षं मी लोकांना मार्क दिले, मला कुणी द्यायची ही पहिलीच वेळ. त्यात एकही मार्क चुकला नव्हता. मी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि पुढची भाकरी यायच्या आत हातातली संपवली.