बरोकचे तिघे आणि सहावं बोट

आमच्या तिघांना बरोक संगीत कितपत येतं, हे विचारू नका. पण दर रविवारी जपानमधल्या कावासाकी शहरातल्या एका हॉलमध्ये जमून तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपियन सुरांशी झटापट करायची म्हटल्यावर किस्से साठणारच. त्यातले बहुतेक माझ्यामुळे साठलेत.

ऑफिसमधल्या साइतो-सानना मी लंचला सहज म्हणालो होतो, की पुण्यात असताना मी पेटी वाजवायचो. ते स्वतः फ्लूट वाजवतात. त्यांनी मला नेऊन थेट हार्पसिकॉर्डसमोर बसवलं. हा पियानोचा पूर्वज, आत तारा छेडल्या जातात. चेलोवर नाकामुरा-सान, शाळेतून रिटायर झालेल्या बाई. मी सुरुवात केली आणि सवयीने माझा डावा हात भाता शोधत वाद्याच्या मागे गेला. २०११च्या मोठ्या भूकंपाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी वाद्य धरतोय म्हणजे हादरा बसला, असं समजून बाई चेलो आडवा ठेवून टेबलाखाली. मागोमाग साइतो-सान. त्यांना बघून मीही. भाता म्हणजे काय, हे मी तिथे खालीच मोडक्या जपानीत समजावलं.

*

संगीतकार बाखच्या काळी डाव्या हाताचे सूर लिहून द्यायचे आणि त्यांच्याखाली नुसते आकडे. उजव्या हाताने काय वाजवायचं, ते आकड्यांवरून आपण ठरवायचं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आकडे बोटांचे. कित्येक रविवार मी इमानदारीत त्या त्या बोटाने वाजवत होतो. मग एका जागी सहा आला. साइतो-सानना सहाव्या बोटाबद्दल विचारलं. ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले आणि अतिशय आदराने म्हणाले, "भारतात कशी पद्धत आहे?"

*

ओजिमा भागातल्या आमच्या घरी मी इलेक्ट्रिक कीबोर्डवर, हेडफोन लावून रियाज करतो. शेजाऱ्यांना त्रास नको. एकदा खालच्या मजल्यावरचे आजोबा दारात आले. चाहता आला, या आनंदात मी बायकोला चहा टाकायला सांगितलं. त्यांनी कमरेत वाकून सांगितलं, की संगीत अजिबात ऐकू येत नाही, फक्त ताल देणारा पाय ऐकू येतो.

"आणि तो," ते जरा घुटमळले, "तालात नसतो."

*

माझं वाजवून झालं की नाकामुरा-सान दर वेळी 'ज्योझु' म्हणतात, म्हणजे छान जमतंय. मी हे घरी रंगवून सांगायचो. माझी लेक ईरा इथेच वाढलेली. ती एकदा जपानीत काहीतरी पुटपुटली. मराठीत सांग म्हटलं.

"बाबा, चॉपस्टिक्स धरता आल्या तरी ते हेच म्हणतात. खरंच यायला लागलं, की म्हणायचं बंद करतात."

बाई अजून म्हणतात.

*

एकदा आम्ही उत्तरेला, त्सुनामीत घरं गेलेल्यांच्या तात्पुरत्या वसाहतीत वाजवायला गेलो. तिथल्या छोट्या हॉलमध्ये बाखच्या सोनाटाचा संथ भाग चालू होता आणि पहिल्याच रांगेतल्या एका आजोबांची मान छातीवर पडली. थोड्या वेळाने घोरणंही सुरू झालं. फ्लूटवर नाही, चेलोवर नाही, नेमकं माझ्या एकट्याच्या जागेवर. मी पार खजील.

तो भाग संपल्यावर त्यांची बायको उठून माझ्याजवळ आली. मी माफी मागणार, तेवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं.

"लाट आल्यापासून त्यांना झोप नाही," ती कुजबुजली. "तेच परत वाजवाल?"

आम्ही तोच भाग पुन्हा वाजवला, आणखी हळू. संपल्यावर कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.