लुकलुकणारा लाल दिवा

आईच्या रेडिओचे साधे, एकदाच वापरून टाकायचे सेल मी काल दिवसभर नव्या चार्जरमध्ये घालून ठेवले. लाल दिवा लुकलुकत होता; मला वाटलं, चार्जिंग जोरात चाललंय. रेडिओ मुकाच राहिला आणि आईची दुपारची भजनं बुडाली. आजचीही बुडू नयेत म्हणून मी तावातावाने खंडेराव मार्केटमागच्या गुजराती दुरुस्तीवाल्याकडे गेलो आणि चार्जर त्याच्यापुढे ठेवत म्हणालो, "स्मार्ट म्हणून घेतला, निघाला ठोंब्या!"

त्याचं नाव मी विचारलंच नाही. साबणाच्या वडीएवढा तो चार्जर त्याने वायरीला जोडला, आपला एक भरलेला सेल आत घातला, चार्जर गालाला लावला आणि डोळे मिटले. झोपलेल्या बाळाचा श्वास ऐकावा, तसा. बाहेर भाजीवाल्यांचा गलका चालू होता, पण त्याच्या टेबलापाशी दुपार जणू थबकली होती. नकळत मीही डोळे मिटले. उघडले तेव्हा दिवा हिरवा होता.

"गरम नाही झाला. पोट भरलेलं ओळखतो," तो पुटपुटला. मग त्याने माझे सेल घातले. लाल दिवा लुकलुकू लागला.

"हे चार्ज होणारे सेल नाहीत, भाई. कालपासून ना पाडतोय, नको म्हणतोय बिचारा, तुम्ही ऐकाल तर ना!" चार्जर माझ्या हातात ठेवत तो म्हणाला, "हा स्मार्ट छे. तुमची गॅरंटी मी देत नाही."